घोटा पुन्हा पुन्हा का मुरगळतो?

पाय मुरगळला की हळदीचा लेप, वर क्रेप बँडेज आणि चार दिवसांनी पुन्हा कामावर, असा आपल्याकडचा रिवाज आहे. सूज उतरते, ठणका थांबतो, माणूस विसरून जातो. पण काहींचा तोच घोटा पुढे वर्षभर दगा देत राहतो. कधी जिना उतरताना, कधी रिक्षातून पाय खाली टाकताना, तर कधी अगदी सपाट रस्त्यावर. पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारी मुलं आणि कबड्डी खेळणारे आमच्या ओपीडीत ही तक्रार घेऊन हमखास येतात. ‘एक्स-रेत हाड शाबूत आहे’ असं सांगितलं की समाधान होण्याऐवजी त्यांचा गोंधळच वाढतो.

पाऊल आत वळून मुरगळलं की घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, ताणले जातात; त्यातला पुढचा सहसा आधी फाटतो. अस्थिबंध म्हणजे हाडांना बांधणारी दोरी, एवढंच आपण धरून चालतो. त्यात मज्जातंतूंची सूक्ष्म टोकंही असतात. पाऊल किती कललंय ही खबर ती मेंदूला देतात. दुखापतीत त्यांनाही इजा होते आणि म्हणून घोटा लटपटतो, असं ब्रिटिश शल्यचिकित्सक मायकेल फ्रीमन यांनी १९६५ मध्ये मांडलं. डुगडुगत्या फळीवर तोल सांभाळण्याचा व्यायाम त्यांनीच सुचवला. आज आपल्याला चित्र अधिक गुंतागुंतीचं दिसतं: पोटरीच्या बाहेरचे स्नायू उशिरा आवळले जातात, मांडी-कमरेची हालचालही बदलते. उपाय मात्र बराचसा तोच राहिला आहे.

नेदरलँड्समध्ये ५२२ खेळाडूंवर झालेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांनंतर निम्म्यांनी घरच्या घरी, देखरेखीशिवाय, आठ आठवडे तोलाचे व्यायाम केले. वर्षभरात त्यांच्यापैकी २२ टक्क्यांचा घोटा पुन्हा मुरगळला. व्यायाम न करणाऱ्यांपैकी ३३ टक्क्यांचा. खात्रीचं कवच नव्हे, पण फुकटच्या व्यायामाला हे यश थोडं नाही.

भिंतीजवळ अनवाणी, एका पायावर, गुडघा किंचित वाकवून ३० सेकंद उभे राहा. दुसऱ्या पायाशी तुलना करा. फरक लगेच जाणवेल. हे जमू लागलं की डोळे मिटून करा, मग घडी घातलेल्या सतरंजीवर, मग कुणी फेकलेला चेंडू झेलत. जोडीला सायकलच्या जुन्या ट्यूबचा फास पावलाला अडकवून पाऊल बाहेर ओढा. आठवड्यातून तीनदा, अर्धा तास. दात घासताना एका पायावर उभं राहण्याची सवय लावली तर आणखी बरं. बहुतेक जण दुसऱ्या आठवड्यात कंटाळतात, कारण दुखत नसतं. किंचित ओढ बसली तर चालेल. सूज आली तर एक पायरी मागे या. घोट्याचा पट्टा खेळताना जरूर बांधा, पण त्यावर विसंबून व्यायाम सोडू नका.

ताज्या दुखापतीत चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याचं हाड दाबल्यावर दुखत असेल, तर व्यायाम नको; आधी एक्स-रे काढा. तीन महिने नेटाने व्यायाम करूनही घोटा निसटत असेल, सांधा अडकत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. एमआरआय आणि क्वचित शस्त्रक्रिया लागते. मधुमेहाने तळवे बधिर झालेल्यांनी डोळे मिटून किंवा अनवाणी हे व्यायाम करू नयेत. त्यांनी फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच सुरुवात करावी.