तार वर, घूस खालून!

परसबागेला काटेरी तार ओढली की आपण निर्धास्त. पण घूस तारेकडं बघतसुद्धा नाही. खालून माती उकरते आणि रताळी, भुईमूग फस्त करते. आधी आतली बिळे संध्याकाळी बुजवा. सकाळी ज्याचे तोंड उघडे दिसेल, तिथे जनावर आहे. त्याचा बंदोबस्त न करता जाळी लावाल तर चोर घरातच कोंडाल! मग कुंपणालगत हातभर खोल चर खणून खुराड्याची जुनी, अर्ध्या इंची लोखंडी जाळी उभी सोडा. तळाशी वीतभर बाहेरच्या अंगाला वळवा. घूस कुंपणाच्या बुडाशीच उकरते, तिथं तिला जाळी आडवी येते. प्लास्टिकची नको, ती कुरतडते. जाळी कमी पडली तर दगडगोटे ठासा. साळिंदर आल्यास मात्र मारू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.