यंत्राने लावलेला क्रम कसा पारखावा?

यादी आणि क्रम या दोन गोष्टींवाचून गावचा कारभार चालत नाही. शाळेचा हजेरीपट घ्या, सोसायटीच्या सभासदांचे रजिस्टर घ्या, नाही तर मतदारांची यादी घ्या. यांतली प्रत्येक यादी कोणत्या ना कोणत्या क्रमाने लावलेली असते, म्हणूनच हजार नावांतून आपले नाव चटकन सापडते. आता यातल्या पुष्कळ याद्या कॉम्प्युटरवर गेल्या आहेत. तेथे माहिती सांभाळण्याचे आणि क्रमाने लावण्याचे काम जो प्रोग्रॅम करतो, त्याला डेटाबेस इंजिन म्हणतात. त्याने लावलेला क्रम बरोबर आहे की नाही हे कसे पारखतात, ते आज पाहू.

कोणी म्हणेल, एखादे नाव इकडचे तिकडे झाले तर एवढे काय बिघडले? बिघडते ते असे. कॉम्प्युटर यादी पहिल्या नावापासून वाचत बसत नाही. तो ती मधोमध उघडतो. आपल्याला ‘शिंदे’ हवे आहे आणि मध्ये ‘माने’ दिसले, तर तो अलीकडचा अर्धा भाग सोडून देतो. उरलेल्याचे पुन्हा दोन भाग करतो. दहा लाख नावे असली, तरी सुमारे २० वेळा तुलना केली की काम भागते. पण ही सारी करामत क्रमावरच्या विश्वासावर उभी आहे. एक नाव भलत्या जागी पडले, तर ते यादीत असूनही सापडत नाही. यंत्र निर्धास्तपणे सांगते, ‘असे नाव नाही.’ खिडकीपाशी उभा राहिलेला माणूस हात हलवीत परत जातो आणि चूक झाली आहे हे कोणालाच कळत नाही.

आता क्रम लावतात कसा ते पाहू. उदाहरणासाठी एसक्यूलाइट नावाचे इंजिन घेऊ. अमेरिकेतील डी. रिचर्ड हिप यांनी ते २००० साली तयार केले. अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्ही प्रकारच्या मोबाइलमध्ये ते असते. म्हणजे आपल्यापैकी कित्येकांच्या खिशात ते या क्षणीही आहे.

शिक्षकांना ही रीत नवी वाटणार नाही. समजा, २०० उत्तरपत्रिका नंबरवार लावायच्या आहेत आणि टेबलावर एका वेळी २५च मावतात. तर २५ घ्यायच्या, क्रमाने लावायच्या, गठ्ठा बांधून बाजूला ठेवायचा. असे आठ गठ्ठे होतील. मग प्रत्येक गठ्ठ्याची वरची पत्रिका पाहायची आणि त्यांतला सर्वांत लहान नंबर उचलायचा. असे करत गेले की आठ गठ्ठ्यांचा एक गठ्ठा होतो. कॉम्प्युटरसाठी ही रीत जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ साली मांडली. एसक्यूलाइट हेच करते. त्याचे टेबल म्हणजे मेमरी, आणि गठ्ठे म्हणजे डिस्कवर लिहिलेले तात्पुरते भाग. असे १६ भाग ते एका वेळी एकत्र करू शकते.

हे काम एकट्याने करण्यापेक्षा मदतनीस घेतले तर लवकर उरकेल, हे उघड आहे. एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या अशा कामाच्या धारांना ‘थ्रेड’ म्हणतात. ऑक्टोबर २०१४ मध्ये निघालेल्या ३.८.७ या आवृत्तीपासून एसक्यूलाइटला मोठा क्रम लावताना मदतनीस थ्रेड घेता येऊ लागले. एक थ्रेड नव्या नोंदी गोळा करतो, तोवर दुसरा आधीच्या नोंदी क्रमाने लावून डिस्कवर उतरवतो. गठ्ठे एकत्र करतानाही दोन फाइली पाळीपाळीने वापरल्या जातात. एक भरली जात असताना दुसरी वाचली जाते, मग अदलाबदल होते. आपण होऊन मात्र हे इंजिन एकही मदतनीस घेत नाही. सांगावे लागते, आणि सामान्यतः मर्यादा ८ची असते.

खरी मेख या अदलाबदलीत आहे. दोन टोपल्या आहेत असे समजा. भरणाऱ्याने ‘झाली’ म्हटल्यावरच वाचणाऱ्याने टोपली उचलायची. पण भरणाऱ्याने शेवटची पत्रिका टाकण्यापूर्वी क्षणभर आधीच ‘झाली’ म्हटले तर? एरवी त्याचा हात चपळ असतो, पत्रिका वेळेत पडते आणि चूक दिसत नाही. एखाद्या दिवशी डिस्क मंद चालते, वाचणारा टोपली आधी उचलतो आणि एक नोंद गळते. याला जाणकार ‘शर्यतीचा दोष’ म्हणतात. कोण आधी पोहोचतो यावर उत्तर बदलते.

असा दोष सहज का सापडत नाही, याचे गणित वर्गात करून दाखवण्याजोगे आहे. दोन कामगार आहेत आणि प्रत्येकाची तीन पावले आहेत. प्रत्येकाने आपली पावले क्रमानेच टाकायची, पण एकाची पावले दुसऱ्याच्या पावलांत कशीही मिसळू शकतात. असे मिसळण्याचे प्रकार २० होतात. दहा-दहा पावले घेतली, तर प्रकार १,८४,७५६ होतात. त्यांतला एखादाच घातक असला, तर शंभर वेळा काम सुरळीत झाले म्हणून निश्चिंत होता येत नाही.

ही केवळ कल्पना नव्हे. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा काही भाग अंधारात बुडाला. सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. कारणे अनेक होती, तारा झाडांना लागणे हे त्यांतले एक. पण ओहायो राज्यातील एका नियंत्रण कक्षात धोक्याची सूचना देणारा प्रोग्रॅम ऐन वेळी गप्प राहिला, तो अशाच शर्यतीच्या दोषामुळे. तोपर्यंत तो दोष कधी वर आलेला नव्हता.

म्हणून दोष आपण होऊन दिसेल याची वाट न पाहता त्याला मुद्दाम उठवावे लागते. बैल घेताना त्याला दावणीला पाहून भागत नाही, औताला जुंपून पाहावे लागते. येथेही तसेच.

पहिले, टेबल लहान करतात. मेमरी इतकी थोडी देतात की थोड्या नोंदींचेही पुष्कळ गठ्ठे व्हावेत आणि अदलाबदल वारंवार घडावी. दुसरे, मदतनिसांची संख्या बदलून तेच काम पुन्हा पुन्हा करवतात. तिसरे, माहिती बदलतात. आधीच क्रमाने असलेली, उलट्या क्रमाची, सगळ्या नोंदी सारख्या असलेली, अगदी रिकामी, किंवा एकच नोंद अवाढव्य असलेली. चौथे, एखाद्या थ्रेडला मुद्दाम रेंगाळायला लावतात, किंवा वाचणाऱ्याला दहा ओळी वाचून मधेच उठवतात. अशा वेळी मदतनिसांनी नीट थांबले पाहिजे आणि तात्पुरत्या फाइली मागे राहता कामा नयेत.

पाचवी परीक्षा सर्वांत कडक. एसक्यूलाइटचे परीक्षक मेमरीची पहिली मागणी मुद्दाम नाकारतात. मग पुन्हा सुरुवात करून दुसरी नाकारतात, मग तिसरी, आणि काम अडथळ्यावाचून पुरे होईपर्यंत हे चालू ठेवतात. डिस्कच्या बाबतीतही तसेच. अडचण आली, तर इंजिनाने ‘काम झाले नाही’ असे सरळ सांगावे. अर्धी यादी पुरी म्हणून पुढे करणे हा सर्वांत वाईट अपराध.

आता निकाल कसा तपासायचा? नुसता चढता क्रम पाहून भागत नाही. १ ते २०० नंबरांत ३७ गळला आणि ७३ दोनदा आला, तरी क्रम चढताच दिसतो आणि मोजणीही २००च भरते. बेरीज केली की २०,१०० ऐवजी २०,१३६ येते आणि चोरी पकडली जाते. पण दोन चुका एकमेकींना झाकतील, तर बेरीजही फसवील. म्हणून प्रत्येक नोंद एकदाच आणि जशीच्या तशी परत आली का, हे पाहावे लागते. यात एक सावधगिरी हवी. दोन विद्यार्थ्यांना सारखेच गुण असतील, तर त्यांतला कोण आधी येईल हे मदतनिसांप्रमाणे बदलू शकते. आडनावाचा किंवा नंबराचा दुसरा नियम लावलेला नसेल, तर ती चूक नव्हे. परीक्षकाने तिला चूक धरले, तर खोटी ओरड होईल आणि खऱ्या ओरडीकडेही कोणी लक्ष देणार नाही.

माहिती यदृच्छेने निवडली असेल, तर ती कोणत्या मूळ आकड्यावरून काढली ते टिपून ठेवतात, म्हणजे तीच माहिती पुन्हा काढता येते. पण थ्रेडची वेळ टिपता येत नाही. म्हणून तीच परीक्षा हजारो वेळा घ्यावी लागते. जोडीला थ्रेडसॅनिटायझरसारखे पहारेकरी प्रोग्रॅमही बसवतात. दोन थ्रेड योग्य मेळ न ठेवता एकाच जागेला हात घालू लागले आणि त्यांतला एक तेथे लिहीत असला, तर उत्तर बरोबर आले तरी ते ओरडतात.

एवढे करूनही, परीक्षेने चूक असल्याचे सिद्ध होते, नसल्याचे नव्हे. हॉलंडचे शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६९ साली रोमच्या परिषदेत हेच बजावले होते. म्हणून एसक्यूलाइटमध्ये एक सोय ठेवली आहे. यादी आणि तिची क्रमवार सूची यांचा मेळ बसतो का, क्रम कोठे चुकला आहे का, हे एका आज्ञेने तपासता येते, आणि सूची बिघडली असेल तर मूळ यादीवरून ती नव्याने बांधता येते.

आपल्यासाठी यातून घेण्याजोगी गोष्ट साधी आहे. यंत्राने ‘आहे’ म्हटले, तर नोंद समोर दिसते, ती तपासता येते. ‘नाही’ म्हटले, तर तपासायला समोर काहीच नसते. तेव्हा हातात पावती असताना यंत्र ‘नाव नाही’ म्हणाले, तर तेवढ्यावर परत फिरू नये. नावाने नाही सापडले तर नंबराने शोधायला सांगावे, आणि तरीही नसेल तर मूळ यादी पहिल्यापासून वाचायला सांगावी. असे सांगणे म्हणजे यंत्रावर अविश्वास दाखवणे नव्हे. यंत्र घडवणारे शहाणे लोकही तेच करतात.