उसन्या ओळींचा हिशेब

सत्र संपत आले की मागील वर्षाच्या विद्यार्थ्याचे प्रात्यक्षिकाचे जर्नल मिळवावे, ते एका रात्रीत उतरवून काढावे आणि सकाळी सहीसाठी शिक्षकांपुढे ठेवावे, हा परिपाठ महाराष्ट्रातील विज्ञान व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना नवा नाही. आता वहीच्या जोडीला संगणकाची आज्ञावली आली आहे. छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्सची उपकरणे जुळवणाऱ्या तरुणांजवळही उपयुक्त कोडच्या तुकड्यांचा आणि सर्किटच्या आकृत्यांचा साठा असतो. तो कोणी लिहिला, कोणी तपासला, हे मात्र बहुधा सांगता येत नाही. ही उसनवारी सर्वस्वी त्याज्य ठरवणे सोपे आहे. पण ते योग्य होणार नाही.

मुळात अशा तुकड्यांचा संग्रह ही कल्पना जवळजवळ संगणकाइतकीच जुनी आहे. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात 'एडसॅक' हा संगणक मे १९४९ मध्ये चालू झाला. वर्गमूळ काढणे, उत्तर छापणे यांसारख्या नित्याच्या कामांसाठी प्रत्येकाने नव्याने आज्ञा लिहीत बसणे म्हणजे श्रमाचा अपव्यय, हे तेथील मॉरिस विल्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखले. त्यांनी अशा आज्ञा छिद्रांकित कागदी फितींवर उतरवून त्यांचे एक ग्रंथालयच उभारले. विल्क्स, डेव्हिड व्हीलर व स्टॅन्ली गिल यांचे त्यावरील पुस्तक १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले. तुकडा कोणते काम करतो, संगणकाची किती जागा व्यापतो, किती वेळ घेतो, याचे टाचण त्या संग्रहात असे. उसने घेणाऱ्याला आपण काय घेत आहोत हे कळावे, ही दक्षता आरंभापासूनच होती.

फुकट की सामायिक?

पुढे संगणक घरात आला आणि देवघेवीला उधाण आले. कॅलिफोर्नियातील हौशी मंडळींनी १९७५ मध्ये 'होमब्रू कम्प्यूटर क्लब' स्थापन केला. तेथे आकृत्या आणि आज्ञावल्या हातोहात फिरत. फेब्रुवारी १९७६ मध्ये बिल गेट्स यांनी या हौशी मंडळींना उद्देशून खुले पत्र लिहिले. घेणारे मोबदला देणार नसतील, तर चांगली आज्ञावली रचण्यासाठी कष्ट घेणार कोण, असा त्या पत्राचा रोख होता. प्रश्न रास्त होता. परंतु याच सुमारास दुसरी वाटही दिसू लागली होती. 'टायनी बेसिक' या छोट्या संगणकभाषेच्या आज्ञावल्या १९७६ मध्ये 'डॉ. डॉब्ज जर्नल' या नियतकालिकातून छापल्या जाऊ लागल्या आणि वाचकांनी त्यांत भर घातली. त्याच मार्गाने पुढे १९८९ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांच्या पुढाकाराने 'जीपीएल' हा परवाना आला. त्या परवान्याखालील आज्ञावली घ्यावी, सुधारावी. मात्र सुधारलेली आज्ञावली इतरांना दिली, तर तिचा मूळ कोडही त्याच अटींवर खुला ठेवावा, हे त्याचे सूत्र. म्हणजे किमतीची जागा बंधनाने घेतली.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने यात नवल नाही. एकाच्या ताटातील भाकरी दुसऱ्याने उचलली की पहिला उपाशी राहतो. कोडचा तुकडा हजारांनी घेतला तरी मूळ धन्याकडे तो तसाच उरतो. म्हणून गायरानाचा दृष्टान्त येथे अर्धाच लागू पडतो. जो तो आपली गुरे वाढवीत गेल्याने सामायिक कुरण उजाड होते, असे गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडले होते. कोड चरून संपत नाही. तो निगेअभावी निरुपयोगी होतो. आपले नियम आपणच ठरवणारे व पाळणारे समाज सामायिक संपत्ती पिढ्यान् पिढ्या टिकवतात, हे एलिनॉर ऑस्ट्रम यांनी दाखवून दिले. त्यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. कोडच्या संग्रहालाही हाच न्याय लागू आहे.

एकोणपन्नास दिवसांनंतर

निगा नसली तर काय होते, याचे उदाहरण 'अर्डुइनो' या लोकप्रिय पाटीवरच सापडते. इटलीतील इव्रिया येथे २००५ मध्ये जन्मलेली ही पाटी आज असंख्य विद्यार्थ्यांच्या हाती आहे. ती चालू केल्यापासून किती मिलिसेकंद लोटले, याची मोजणी ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत जाते आणि पुन्हा शून्यावर येते. याला सुमारे ४९ दिवस १७ तास लागतात. ठरावीक अंतराने काम करवून घेताना आताच्या वेळेतून मागील वेळ वजा करणारा तुकडा ही सीमा बिनधोक ओलांडतो. मागील वेळेत अंतर मिळवून पुढील वेळ ठरवणारा तुकडा मात्र सीमेजवळ फसतो आणि दर तासाचे काम पुन्हा पुन्हा होऊ लागते. प्रयोगशाळेत दहा मिनिटांच्या परीक्षेत दोन्ही तुकडे सारखेच उत्तीर्ण होतात. तोच दुसरा तुकडा शेतातील पंपाला जोडला, तर दोष दीड महिन्यानंतर उघडकीस येतो; तेव्हा तो कोणाला विचारावा, हेच माहीत नसते.

अवलंबित्वाचा धोका मार्च २०१६ मध्ये साऱ्या जगाने पाहिला. शब्दाच्या डावीकडे जागा भरून त्याची लांबी ठरावीक करणारा 'लेफ्ट पॅड' हा अवघ्या ११ ओळींचा तुकडा. नावाच्या एका वादातून त्याच्या लेखकाने तो 'एनपीएम' या सामायिक कोठारातून काढून घेतला आणि जगभर हजारो प्रकल्पांचे काम अडले. काही तासांतच तो पूर्ववत करावा लागला. ज्यांचे काम अडले, त्यांपैकी अनेकांना आपण या ११ ओळींवर विसंबून आहोत, याची कल्पनाही नव्हती.

नोंद हीच परतफेड

यावर उपाय बंदी हा नव्हे, नोंद हा आहे. घेतलेल्या प्रत्येक तुकड्याबरोबर लेखकाचे नाव, घेतल्याची तारीख, परवाना, तो कोणत्या पाटीवर व किती व्होल्टवर तपासला आणि कोठे चालत नाही, एवढे लिहून ठेवण्यास पाच मिनिटे पुरतात. ५ व्होल्टच्या पाटीसाठी आखलेली जोडणी ३.३ व्होल्टच्या पाटीला निकामी करू शकते, हे टाचणातील एका ओळीने टळते. परवाना नसलेला तुकडा केवळ उघड्यावर दिसतो म्हणून आपल्या मालकीचा होत नाही, हेही विद्यार्थ्यांना सांगावयास हवे.

महाविद्यालयांना यासाठी निधी लागणार नाही. प्रत्येक विभागाने आपला संग्रह ठेवावा. प्रत्येक तुकडीने त्यात एक भर घालावी अथवा एक चूक दुरुस्त करावी. टाचण मराठीत असावे, म्हणजे इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलालाही त्याचा आधार वाटेल. तोंडी परीक्षेत 'हे कोणी लिहिले?' एवढेच न विचारता 'ही ओळ काढली तर काय बिघडेल?' असे विचारावे आणि उगम प्रामाणिकपणे सांगणाऱ्यास गुण द्यावेत. शिक्षकांना एवढी सवड कोठे, असा आक्षेप येईल आणि तो खोटा नाही. पण एकाच मजकुराच्या साठ जर्नलांवर सह्या करण्यात आज जो वेळ जातो, तोही शिक्षकांचाच आहे.

आज उगम लपवण्याची सवय लागलेला विद्यार्थी उद्या कार्यालयात, कारखान्यात वा रुग्णालयात चालणाऱ्या यंत्रांसाठी आज्ञावली लिहिणार आहे. तेथील चुकीची किंमत जर्नलातील गुणांनी मोजली जाणार नाही.