नखाची शस्त्रक्रिया आणि पुन्हा परेड

सैन्यात भरती झालेल्या आपल्या मुलांकडून एक तक्रार नेहमी कानी येते, ती पायाच्या अंगठ्याची. घट्ट बूट, घाम आणि कोपरे खोल कापलेले नख. ते मांसात रुतते व पू होतो. मग एम. आय. रूममध्ये डॉक्टर अंगठा बधिर करून नखाची कड काढतात. काम थोड्या वेळाचे, खरी परीक्षा पुढेच.

जखम भरण्यास साधारण दोन ते चार आठवडे लागतात. डॉक्टर 'लाइट ड्यूटी' लिहून देतात, पण रंगरूट ती टाळू पाहतो. प्रशिक्षण बुडाले तर मागच्या तुकडीत टाकतील, ही त्याची भीती. ती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ओल्या जखमेवर बूट चढवून धावल्यास पुन्हा पू होतो आणि अधिकच दिवस बुडतात.

पहिले दोन दिवस पाय उंचावर ठेवावा. त्यानंतर पोटाचे व्यायाम, चिनअप्स चालतात. मात्र बारवरून उडी मारून उतरू नये. पुशअप्स थांबवावेत, कारण त्यात भार अंगठ्यावरच येतो! (हे बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही.) पुढे मोकळ्या चपलेत चालणे, मग कॅनव्हासच्या बुटात हळू धावणे. बूट घालून ५ किलोमीटर धावणे आणि ९ फुटी खड्डा ओलांडणे सर्वांत शेवटी, तेही डॉक्टरांनी पाहिल्यावर. सकाळी अंगठा ठणकला किंवा मोजा ओला दिसला, तर एक पायरी मागे यावे.

नख सरळ कापावे. बूट आखूड असल्यास स्टोअरमधून बदलून मागावेत.