रमजान, आई आणि आपली शाळा



रमजानमध्ये घरातली आई सगळ्यांच्या आधी, पहाटे उठते. सहरीचा स्वयंपाक करते आणि रोजा ठेवते. मग सूर्यास्तापर्यंत अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही. तरी मुलांचे डबे, शाळा, अभ्यास चालूच असतो. दुपारनंतर थकवा वाढतो आणि नेमकी तेव्हाच इफ्तारची तयारी सुरू होते.

इस्लामने यात सवलत दिली आहे. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या आईला स्वतःच्या वा बाळाच्या तब्येतीची काळजी वाटत असेल, तर रोजा न ठेवण्याची मुभा आहे. राहिलेले रोजे नंतर ठेवता येतात. म्हणून ‘लोक काय म्हणतील’ या भीतीने दुखणं अंगावर काढू नका, डॉक्टरांना विचारा.

ईद जवळ आली की कामं दुप्पट होतात. साफसफाई, नवे कपडे, शीरखुर्म्याचा सुकामेवा, शिवाय ईदच्या नमाजाआधी गरजूंना फित्रा द्यायचा. ही कामं एकट्या आईची नाहीत. बाजार वडिलांनी करावा, दस्तरखानावर खजूर-पाणी मुलांनी मांडावं.

आता आपल्याकडे वळू. चांद्र वर्ष सुमारे 354 दिवसांचं असतं, म्हणून रमजान दरवर्षी 10-11 दिवस आधी येतो. 2025 मध्ये ईद 31 मार्चला होती, म्हणजे ऐन परीक्षेच्या दिवसांत. अशा वेळी पालकसभा संध्याकाळी नको, सकाळी ठेवा. आणि ‘घरी अभ्यास घेत नाही का?’ असं त्या आईला विचारण्याआधी एकदा कॅलेंडर बघा.