सकाळी सातचा नाश्ता आणि धंद्याचं गणित

छोटा धंदा करणाऱ्याला कधी ना कधी एक फोन येतोच: "बुधवारी सकाळी सातला नाश्त्याला या, आमच्या ग्रुपची मीटिंग आहे." हे नेमकं काय असतं, आणि त्यात पैसे घालावेत का, ते आज बघू.

कल्पना जुनीच आहे. १९०५ मध्ये शिकागोत पॉल हॅरिस या वकिलानं रोटरी सुरू केली. एका व्यवसायाचा एकच सभासद, ही पद्धत तिथेही होती. पुढे रोटरी समाजसेवेकडे वळली. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात आयव्हन मिस्नर यांनी बीएनआय काढलं, ते मात्र उघडपणे धंद्यासाठी. आपल्याकडे माधवराव भिडे यांनी मराठी उद्योजकांसाठी सॅटर्डे क्लब सुरू केला.

बीएनआयसारख्या ग्रुपची रचना साधारण अशी असते. दर आठवड्याला ठरलेल्या वेळी भेटायचं. मीटिंग साधारण दीड तासाची. प्रत्येकानं मिनिटभरात सांगायचं, मी काय करतो आणि मला कुणाची ओळख हवी आहे. मग एकमेकांना रेफरन्स द्यायचे. येता आलं नाही तर बदली माणूस पाठवायचा. सकाळीच का? तर दुकानाचं शटर वर जायच्या आत सगळं उरकतं.

आता गंमत बघा. ३० सभासद असतील तर जोड्या होतात ४३५. पण खरी ताकद त्या खोलीत नसतेच, ती खोलीबाहेर असते. तुमच्याशिवाय २९ जण, प्रत्येकाच्या ओळखीचे २०० धरा, म्हणजे ५,८०० माणसं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा १९७३ चा प्रसिद्ध लेख हेच सांगतो: ओळखीतून नोकरी मिळालेल्या बहुतेकांना ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून कळली होती. कारण जवळच्या मित्राला जे माहीत असतं, ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतंच!

मग एक माणूस, एक व्यवसाय हा नियम का? दोन इलेक्ट्रिशियन असले की काम कुणाला द्यायचं, यावरून रुसवेफुगवे. एकच असला की प्रश्न मिटतो. पण इथेच खरी जोखीम आहे. तो एकमेव इलेक्ट्रिशियन काम धड करत नसेल, तरी ग्रुपमध्ये आहे म्हणून त्याचं नाव सुचवायचं दडपण येतं. काम बिघडलं की ग्राहक त्याला नाही, तुम्हाला बोलतो. भिशीत हप्ता पैशांचा असतो, इथे हप्ता तुमच्या नावाचा असतो. म्हणून माणसाचं काम डोळ्यांनी बघितल्याशिवाय रेफरन्स देऊ नका.

आता हिशोब. वर्षाची फी, नाश्त्याचा खर्च आणि दीड तासाप्रमाणे ५० आठवड्यांचे ७५ तास मांडा. त्यापुढे तुमच्या एका कामात सुटणारा निव्वळ नफा लिहा. सीए, इंटिरियर डिझायनर, विमा सल्लागार यांचे दोन-तीन ग्राहकसुद्धा खर्च भरून काढू शकतात. वडापावच्या गाडीला हे गणित जमणं अवघड. आणि हो, "फक्त नंबर मिळाला" हा रेफरन्स नव्हे. समोरचा तुमच्या फोनची वाट बघतोय, तो रेफरन्स.

बऱ्याच ठिकाणी आधी पाहुणा म्हणून जाता येतं. तेव्हा टाळ्या मोजू नका. चहाच्या वेळी एखाद्या जुन्या सभासदाला बाजूला घ्या आणि विचारा, "गेल्या वर्षी इथून आलेली किती कामं पूर्ण झाली?" उत्तर पटलं तरच चेक फाडा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!