शेवटचे बटण

खाली दुकान आणि माडीवर घर, ही वरणगावच्या व्यापारी पेठेतील परिचित राहणी. अशा एखाद्या घरात बौद्धिक दिव्यांगत्व असलेला मुलगा तिशीला टेकतो, तरी त्याला आंघोळ आई घालते, शर्ट भाऊ चढवतो आणि वहिनी ताट वाढून पुढ्यात ठेवते. हे करताना कोणी कुरकुरत नाही. परंतु त्याचे शिकणे नेमके या मायेपाशीच थांबलेले असते. आईचे वय सत्तरीकडे झुकल्यावर घराला हे प्रथम जाणवते.

मुंबईत १९४४ साली जय वकील शाळेची सुरुवात झाली. नाशिकला रजनी लिमये यांनी १९७७ मध्ये प्रबोधिनीचे काम आरंभले. या क्षेत्रातील शिक्षक वापरतात ती एक पद्धत घरीही अवलंबता येते. प्रत्येक कामाचे लहान तुकडे करायचे आणि पुष्कळदा शिकवण शेवटच्या तुकड्यापासून सुरू करायची. शर्टाची सारी बटणे आईने लावावीत, शेवटचे त्याने. ते जमले की शेवटची दोन. काम पूर्ण केल्याचा आनंद पहिल्या दिवसापासून त्याच्या वाट्याला येतो. हात धरून केलेली मदत पुढे कोपराच्या स्पर्शावर येते, मग शब्दावर, मग नुसत्या नजरेवर. यात महिने जातात. दुकान उघडण्याच्या घाईत मात्र दोन मिनिटांचे काम वीस मिनिटे होऊ देणे अवघड. म्हणून नवे कौशल्य सुट्टीच्या दिवशी हाती घ्यावे.

जैन घरातील बांधीव दिनक्रम येथे उपयोगी पडतो. पाणी गाळणे, सूर्यास्तापूर्वी जेवणे ही कामे रोज त्याच वेळी, त्याच क्रमाने होतात. गाळण्याचे वस्त्र माठावर धरण्याचे काम त्याचे ठरले, तर ते सहसा चुकत नाही. दुकानातही जागा आहे. मोजता न येणाऱ्यासाठी पुठ्ठ्यावर दहा चौकोन आखावेत. प्रत्येकात एक पुडी ठेवली की दहा झाल्या. दोनशेची पिवळी नोट रंगाने ओळखता येते. शंभराची मात्र जुनी निळसर आणि नवी जांभळट, दोन्ही चालतात. तेथे गोंधळ होणारच, तो होऊ द्यावा.

तो प्रौढ आहे, याचा विसर सर्वांत लवकर पडतो. त्याच्याशी बोबडे बोलू नये. स्नानगृहाचे दार लावून घेण्यास त्याला शिकवावे. मुलीला मासिक पाळीची स्वच्छता, आणि दोघांनाही नकोशा स्पर्शाला ठाम नकार देणे, हे संकोच न करता शिकवावे लागते.

कायद्यालाही तो प्रौढच आहे. अठरा वर्षांनंतर आईवडील आपोआप पालक राहत नाहीत. बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात किंवा बहुविकलांगता असल्यास १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. दुकानाच्या वाटण्या वेळेवर लिहिणारी घरे हा अर्ज मात्र वर्षानुवर्षे पुढे ढकलतात.

तो अर्ज भरताना मुलाला शेजारी बसवावे. सही येत नसेल, तर अंगठा कोठे उमटवायचा, ते त्याला आधी दाखवावे.